बुवापाड्यातला दहावा टॅब

खात्यात किती पंचनामे लिहिले, ते आता सांगता यायचं नाही. बुवापाड्यातल्या शाळेचा दहावा टॅब मात्र काल हरवल्यासारखा लक्षात आहे.

माझं शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. नवरा पोलिसात होता, तो गेल्यावर त्याच्या जागी लागले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्या गुरुवारी संध्याकाळी पोलीस ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "शाळेतल्या बाई टॅब विकतायत. बायका गाठोड्यातून बाहेर नेतात, मी रोज बघतो." स्टेशन डायरीत नोंद झाली आणि साहेबांनी चौकशी माझ्याकडे दिली.

या बाई तरुण होत्या, पहिली-दुसरीला शिकवायच्या. स्वतःच्या आवाजात गोष्टी आणि गणितं भरून टॅबवर धडे बनवायच्या. त्याबद्दल एका संस्थेने त्यांना अनुदान म्हणून दहा टॅब दिले होते. शनिवारी संस्थेची माणसं तपासणीला येणार होती. शुक्रवारी सकाळी मी कपाट उघडायला लावलं, तर टॅब नऊच. मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले, "उद्या दहा दिसले नाहीत तर अनुदान परत जाईल. बाईंवर कारवाईही होईल."

बाईंचा जबाब घ्यायला बसले.

"दहावा कुठंय?"

"माझ्याकडून हरवला. बदलापूरला, स्टेशनवरून घरी जाताना रिक्षात."

"रिक्षा शेअरची की स्पेशल?"

"स्पेशल."

पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, तर शेअरची झाली. सराईत चोर दहा वेळा विचारलं तरी तेच सांगतो. गोष्ट बदलते ती सवय नसलेल्या माणसाची. बाई कुणाला तरी वाचवत होत्या.

मग मी नऊ टॅब टेबलावर मांडून एकेक हातात घेतला. चार्जिंगच्या भोकांत निळे बारीक तंतू अडकले होते. तो निळा रंग मला चांगला माहीत आहे. नोकरी लागायच्या आधी मीही जीन्सचे धागे कापलेत. उल्हासनगर कॅम्प पाचच्या कारखान्यांतून शिवलेल्या पँटींची गाठोडी घरोघर येतात, बायका लोंबणारे धागे कापून परत देतात. नखांत बसलेलं निळं सणालाही निघत नाही.

"टॅब घरी मुलांच्या आया नेतात ना?" मी विचारलं.

तेव्हा बाई रडल्या. मी रडू दिलं, पाणी दिलं, पुन्हा विचारलं. टॅब शाळेबाहेर नेऊ नयेत असा संस्थेचा नियम होता. पण शाळेत मूल अर्धा तास बघणार, तेच घरी धागे कापणारी आई शेजारी असली की दोन तास बसतं. म्हणून त्या पाळीपाळीने टॅब घरी द्यायच्या. कुणाची नजर पडू नये म्हणून आया ते गाठोड्यात लपवायच्या. दहावा त्यांतल्याच एकीकडून हरवला होता.

"ताई, तिचं नाव लिहू नका," बाई म्हणाल्या. "बिचारी कालपासून जेवली नाहीये."

मी त्या आईला बोलावलं. "गाठोडं कारखान्यात कधी दिलंस?"

"काल दुपारी. शुक्रवारी बंद असतं म्हणून कालच..." तिचा हात तोंडावर गेला. टॅब पोराने आधीच बाहेर काढलाय, असं समजून तिने गाठोडं तसंच दिलं होतं.

तिला घेऊन कॅम्प पाचला गेले. बाजार बंद होता. त्या कारखान्याचं शटर मात्र अर्धं वर, आणि आत गलका. आतला माल चोरीला जातोय असं समजून मी काठी सरसावून वाकून आत शिरले.

सात-आठ कामगार बायका गोल करून बसल्या होत्या. मध्ये पँटींच्या ढिगाला टेकवलेला टॅब, त्यातून बाईंचा आवाज: "बेचाळीसमधून सतरा गेले, राहिले किती?" एका म्हातारीने पंचवीसवर बोट ठेवलं. टॅबमधून टाळ्या वाजल्या.

सिंधी शेठ हात जोडून पुढे आला. "मॅडम, कारखाना बंदच आहे. काल गाठोडं खोललं, हा निकला. कोणाचा आहे बघायला चालू केला, तर ह्या लोक उठायलाच तयार नाय. आज छुट्टी, तरी सकाळपासून हाजिर. कामाला कधी एक पण टाइमवर येत नाय."

मी टॅब उचलायला गेले, तर म्हातारी म्हणाली, "एवढा पाठ होऊ द्या, हवालदारबाई. चोर काय पळून चाललाय? बसा तुम्हीपण."

शनिवारी मी बाईंना एवढंच सांगितलं, "खरं बोला. खोटं तुम्हाला जमत नाही." संस्थेच्या मॅडमनी दहाही टॅब तपासले. रोज किती धडे झाले त्याची नोंद आत राहते. एका दिवसात कधी झाले नव्हते एवढे दहाव्यावर शुक्रवारी झाले होते. "ही मुलं कुठल्या वर्गातली?"

"कॅम्प पाचमधली," बाई म्हणाल्या. "जरा मोठी आहेत." आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम हसल्या. टॅब घरी द्यायला हरकत नाही, असा शेरा त्यांनी तिथेच लिहिला. अनुदान राहिलं. मी "मालमत्ता मिळून आली" असं लिहून चौकशी बंद केली. फोन करणारा शाळेसमोरचा चहावाला निघाला. त्याने बघितलं ते खरं होतं, लावलेला अर्थ चुकला. पुढे त्याच्या सुनेनेही टॅबसाठी नंबर लावला.

ठाण्याच्या आवारात जप्तीच्या मोटारसायकली सडताना मी वर्षानुवर्षं बघितल्या. त्यांतली एकही हरवली नाही आणि एकही कुणाच्या कामाला आली नाही. तेव्हापासून कुठलंही कपाट भरलेलं दिसलं की मी आधी विचारायची, हे वापरतं कोण.

त्या शुक्रवारी मी कारखान्यात बसले खरी. टॅबने मला तीनदा "पुन्हा प्रयत्न करा" म्हटलं. साहेब असते तर पहिल्यालाच मेमो मिळाला असता. चौथ्यांदा उत्तर बरोबर आलं. शेठने मागवलेलं दाल-पकवान खात बसलेल्या त्या आईने पकवानाची कडक पुरी दातांत धरली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.