कोचच्या कोटाचा खिसा

लग्नाला छप्पन्न वर्षं झाली, तरी मी नवऱ्याला कोचच म्हणते. अख्खं गाव म्हणतं, चर्चचा पाद्री म्हणतो, मग मी एकटीनेच व्हर्लिन म्हणून काय दिवे लावायचे?

व्हर्लिन टीडमन हा नेब्रास्कातल्या एका डुकरं पाळणाऱ्याचा मुलगा. मिलरटनच्या आमच्या चिमुकल्या कॉलेजात तो चार वर्षं फुटबॉल खेळला, आमचा अमेरिकन, चेंडू हातात घेऊन धावायचा. तेही पुढच्या फळीच्या मधोमध, जिथे नुसता मार खायचा असतो आणि पेपरात नाव म्हणून येत नाही. गुडघा गेला तसा तिथेच कोच झाला आणि चौतीस वर्षं तिथेच राहिला. दोनशे अकरा सामने जिंकले. नियम एकच: मैदानावर कुणी खिशात हात घालायचा नाही. बर्फ पडो नाहीतर बोटं गळून पडोत. "हात खिशात म्हणजे माणूस कामावर नाही," असं त्याचं म्हणणं. आजही साठीचे बाप्ये, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी ट्रॅक्टर विकणारा, दुकानात तो दिसला की झटकन हात बाहेर काढतात. सासूबाईंच्या दफनाला तर अख्खी रांग हात लोंबकळवत उभी होती. मला मेलीला हसू आवरेना.

चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरची गोष्ट. शेवटचा सामना ऑर्डवे कॉलेजशी होता. त्याआधी नवा कोच शोधणाऱ्या एका मोठ्या विद्यापीठातून एक माणूस घरी येऊन गेला.

"कोच, शनिवारी मी बघायला येतोय. ऑर्डवेला हरवलंत तर सोमवारी फोन करतो."

सोमवार! मी मनातल्या मनात नव्या घराचे पडदे शिवून टाकले. मोठं शहर, मुलींना चांगली शाळा, आणि आमच्या तळघरातल्या त्या ओलीतून कायमची सुटका. मला ते हवं होतं. का नको असावं?

तेव्हा सामन्यांच्या फिल्मची अदलाबदल चालायची. रविवारी दोन्ही कोच अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर भेटायचे, आपल्या मागच्या सामन्याची रीळ द्यायचे, समोरच्याची घ्यायचे, एकमेकांना चार टोमणे मारून कॉफी प्यायचे आणि घरी यायचे. ऑर्डवेचा कोच ड्वेन होस्टेटलर एक नंबरचा धांदरट. घरी तळघरात प्रोजेक्टर मी चालवायची, आणि कोच लाल पेन्सिलीने प्रत्येक चालीला प्रत्येक गड्यापुढे अधिक नाहीतर उणे मांडायचा. त्या रविवारी रीळ सुरू केली, तर पडद्यावर सामना नव्हताच. रिकामं मैदान, आणि ऑर्डवेची पोरं खास आमच्यासाठी राखून ठेवलेल्या चालींचा सराव करत होती.

"बंद कर," कोच म्हणाला.

"अरे, बघ तरी!"

"लोर्ना, बंद कर. चुकीचा डबा दिलाय त्या गाढवाने."

तो फोन करायला वर गेला. फोन ड्वेनच्या बायकोने उचलला असणार, कारण कोचचं नुसतं "हो, हो" ऐकू येत होतं. मी प्रोजेक्टर पुन्हा चालू केला. हो, केला! अगदी शेवटी एक चाल होती. चेंडू उजवीकडे नेल्याचं सोंग करायचं, सगळे तिकडे धावले की डावीकडचा एक गडी गुपचूप एकटाच सुटतो. मी अकराही गडी कागदावर काढले.

शनिवारी सकाळी तो कागद कोचच्या कोटाच्या खिशात सरकवला. कोट त्याच्या अंगावर चढवला आणि वरून हलकेच थोपटलं. नियमाचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेवटच्या चालीपर्यंत आम्ही चार गुणांनी पुढे होतो. ऑर्डवेचे गडी उभे राहिले. तीच चाल! मी कोचकडे पाहिलं. तो हात खाली सोडून उभा होता, बोटं थंडीने लालबुंद. आमची पोरं उजवीकडे धावली. डावीकडून तो एकटा गडी चेंडू घेऊन थेट रेघेपार गेला, म्हणजे त्यांना सहा गुण. आम्ही दोन गुणांनी हरलो. सोमवारी फोन वाजला नाही.

मला वाटलं, कागद वाचला आणि साधुपणाच्या भरात फेकून दिला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण विचारणार कोणत्या तोंडाने? चोरून बघितलं होतं मीच. मग मी पुढची पंचेचाळीस वर्षं तळघरात पाणी झिरपलं की बादली जरा जास्तच जोरात आपटायची.

गेल्या महिन्यात कॉलेजने कळवलं, कोचचा जुना कोट काचेच्या कपाटात ठेवायचाय. कोट झटकला, सवयीने खिसे चाचपले. माझाच कागद! त्यावर लाल पेन्सिलीत सामन्यानंतरच्या रविवारची तारीख आणि खाली लिहिलेलं: 'उजव्या गार्डचं पाऊल चुकलंय. बाकी दहा गडी बरोबर. अधिक.'

कोच स्वयंपाकघरात सूप पीत बसला होता. मी कागद त्याच्यापुढे आपटला.

"हा तुला रविवारी सापडला?"

"वाचला रविवारी. माहीत आधीपासून होतं."

"म्हणजे?"

"अगं, परत द्यायला डबा उघडला तर रीळ शेवटपर्यंत चाललेली. आणि तू कोट थोपटलास तेव्हा खिशात कागद कुरकुरला. मी काय बहिरा आहे?"

"मग फाडून तरी टाकायचास!"

"फाडायला हात घालावा लागला असता." त्याने चमचा खाली ठेवला. "हात घातला असता तर वाचला असता, आणि वाचला असता तर वापरला असता, लोर्ना. मलाही जायचं होतं त्या शहरात. तुझ्याइतकंच."

मी खुर्ची ओढून बसले. पंचेचाळीस वर्षं मी धरून चालले होते की त्याला जायचंच नव्हतं.

कोट कॉलेजला दिला. कागद नाही दिला.