दोघांचा एकच मसुदा

राउटरला आज्ञा देताना पायरीपायरीनं आत जावं लागतं. आधी अख्खा राउटर, मग त्यातलं एखादं पोर्ट, मग त्या पोर्टचा पत्ता. बदल लिहिले तरी ते लगेच लागू होत नाहीत, मसुद्यात पडून राहतात. ‘कमिट’ म्हटलं की सगळे एकदम लागू. आमच्या टीममध्ये हा मसुदा सगळ्यांचा मिळून एकच असायचा. म्हणून कमिट करण्याआधी शेजारच्याला विचारायचं, तुझं काही अर्धवट पडलंय का, असा आमचा रिवाज होता.

माझ्या शेजारी बसणारा सहकारी बंगळूरच्या राजाजीनगरचा, पिढ्यानपिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातला. मी नागपूरहून आलेली, मारतहळ्ळीत पीजीत राहणारी. दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून तोंड आंबून जायचं. मराठी बोलायला तो एकटाच, तीही मधूनमधून कानडी शब्द पेरलेली. मला अक्का म्हणायचा, डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवायचा. मी त्याला भाऊच समजून बसले होते. बावळटच मी.

मुख्य राउटरच्या मसुद्यात कुणीही लिहायचं, पण तिथं कमिट करण्याची परवानगी मला नुकतीच मिळाली होती. तिच्यासाठी मी किती राबले, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दुपारी एका पोर्टची एक ओळ बदलायची होती. रिवाजाप्रमाणे मी त्याला विचारलं.

“सरी अक्का, माझं काही नाही. तू कर,” तो म्हणाला.

मसुद्यात काय काय बदललंय, हा फरक मी पोर्टच्या पायरीवरूनच तपासला. तिथून त्या पोर्टपुरतंच दिसतं. कमिट मात्र अख्ख्या राउटरला लागू होतं. माझी एकच ओळ दिसली, मी कमिट केलं, आणि ग्राहक कंपनीच्या शाखांचं नेटवर्क एकामागून एक बंद पडू लागलं. त्यानं सकाळी अर्धवट सोडलेले वरच्या पायरीवरचे बदलही माझ्या ओळीबरोबर लागू झाले होते. मी जुनी मांडणी परत आणली, पण व्हायचा तो बोभाटा झालाच.

मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, कमिट कुणाचं? माझंच होतं. करण्याआधी विचारलं होतं, असं सांगून मी त्याच्याकडे पाहिलं. तो लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता.

“मी तिला नीट तपासून घे म्हटलं होतं,” तो इंग्रजीत म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एरवी माझ्याशी मराठीखेरीज न बोलणारा हा माणूस!

माझी परवानगी काढून त्याला दिली, आणि काम समजावून द्यायलाही मलाच सांगितलं. दातओठ खात मी शिकवलं. फरक नेहमी सगळ्यांत वरच्या पायरीवरून बघायचा, शेजारचा काय म्हणतो त्यावर जायचं नाही, असंही बजावलं.

तो हळूच म्हणाला, “स्वल्प समजून घे ना अक्का. तू काय, उद्या पुण्या-मुंबईला जाशील. मला इथंच राहायचंय.”

त्या दिवसानंतर त्या ऑफिसात मी मराठीत एक शब्द बोलले नाही.