गॉगलवाल्या मालकांची वेबसाइट

उसाच्या रसाचं मशीन घ्यायचं म्हणून मी इस्लामपूरच्या एका दुकानाची वेबसाइट उघडली. तिच्यावर गॉगल लावलेले मालक, शाल-नारळ घेणारे मालक आणि त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारं मित्रमंडळ. मशीन एकच, तेही मालकांच्या पाठीमागं. फोन नंबर नव्हताच. शेवटी सांगलीहून एसटीनं गेलो.

दुकानातही ते गॉगल लावूनच बसले होते. नंबराचं विचारलं तर म्हणाले, "कशाला? आख्खा तालुका वळखतोय मला!"

"पर मी सांगलीचा."

"मग? आलासाच की वेबसाइट बघून!"

मशीन बसवायला स्वतः आले. मला नारळ देतानाचा फोटो काढून वेबसाइटवर टाकला. फोटोत मागं माझ्या रसवंतीची पाटी आहे, नंबरासकट.

आता मशीनच्या चौकशीचे सगळे फोन मला येतात. मी सांगतो, "आवं, समक्षच जावा. आख्खा तालुका वळखतोय त्यास्नी."