काळ्या खडकातली टिप

वडूजच्या पुढे माळावर माझ्या नणंदेचं सासर आहे. पंधरावीस घरांची वस्ती, प्यायला एकच विहीर, आणि त्या उन्हाळ्यात ती विहीर आटली. तिचे यजमान फौजेत, सरहद्दीवर. घरी थकलेले सासू-सासरे आणि दोन म्हशी. टँकर आला तर आला. वस्तीनं ठरवलं, की विहिरीच्या तळाशी आडवं बोअर मारायचं, म्हणजे बाजूच्या खडकात आडवी भोकं पाडत जायचं. कुठंतरी झरा लागला तर पाणी विहिरीत उतरतं. भोकं पाडायचे रॉड आमच्याच दुकानातून गेले.

आमचं दुकान उंब्रजला, हायवेला लागून. माझे यजमानही फौजी, सुरुंगाच्या कामातले. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी हे रॉड बनवायचं काम धरलं आणि मीही त्यांच्याबरोबर शिकले. रॉडच्या तोंडाला खाच पाडायची, खाचेत कार्बाइडची टिप, म्हणजे खडक फोडणारं टोक, बसवायची, टाकणखार लावून, तापवून, वितळत्या पितळेचा डाग देऊन ती पक्की करायची. कार्बाइड दिसायला साधं, राखाडी. पण पोलादाला सहज ओरखडतं. तेवढंच ते ठिसूळही, मनात आलं तर काचेसारखं फुटतं.

नणंदेचा फोन आला तो सकाळचा. टिप मोडली, तुकडा भोकातच राहिला, एवढंच तिनं सांगितलं. पुढचं आम्हाला कळत होतं. भोकात राहिलेला कार्बाइडचा तुकडा खडकाहूनही कठीण. नवी टिप आत घातली की ती त्याच्यावरच आपटून फुटते. ते भोक सोडूनच द्यावं लागतं.

यजमान नवे रॉड घेऊन गेले. दुसऱ्या भोकात टिप मोडली. मग तिसऱ्यात. तिसऱ्या वेळी मीही बरोबर होते. विहिरीच्या काठावर बायका हंडे घेऊन बसलेल्या. पाणी नव्हतंच, पण बसलेल्या. खालून मशीनचा आवाज येत होता. तो अचानक बदलला, पोकळ झाला, आणि बंद पडला.  नणंदेनं माझ्याकडं बघितलं आणि पदरानं तोंड पुसलं.

यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, पाळण्यातून यजमान वर आले. अंगभर दगडाचा भुगा, पापण्यासुद्धा पांढऱ्या. बोअर मारणारा मशीनवाला मागून आला. तो शांतपणे म्हणाला, "फौजी, खडक लय वाईट हाय. पर तुमची टिपबी टिकंना. मी किती दिस हितं बसू?" त्याला दुसरीकडची कामं होती. उन्हाळ्यात त्याच्यासाठी गावं वाट बघत असायची.

आम्ही उंब्रजला परतलो. पुढचे काही दिवस यजमान दुकान उघडायचे, टिपा समोर मांडून बसायचे. जेवायला हाक मारली तर "हं" म्हणायचे आणि उठायचे नाहीत. त्यांनी जास्त पितळ घालून बघितलं. कमी घालून बघितलं. टिपा दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आणल्या. तयार रॉड दुकानामागच्या काळ्या धोंड्यावर चालवून बघायचे, आणि टिप तडकायचीच. एकदा तडकलेली टिप हातात धरून म्हणाले, "मला हे काम येत न्हाई गं." ते फौजेतल्यासारखं ताठ बसूनच म्हणाले, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मीच मोडक्या टिपांची पुरचुंडी बांधली आणि त्यांना घेऊन सांगलीला गेले. तिथं एका कॉलेजात धातूंचा विषय शिकवणाऱ्या बाई आमच्या ओळखीतल्या एकांच्या शेजारी राहत. त्यांनी तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, मग आम्हालाही बघायला लावलं. टिपेच्या अंगावर सापाच्या कातीसारखं भेगांचं जाळं होतं. बाईंनी विचारलं, डाग दिल्यावर रॉड गार कसा करता? पाण्यात बुडवून, यजमान म्हणाले. सगळे तसंच करतात.

बाईंनी समजावलं ते मला अजून आठवतं. तापलेलं पोलाद गार होताना जास्त आकसतं, कार्बाइड कमी. एकदम गार केलं की पोलाद आकसतं, कार्बाइड त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही आणि तिथंच बारीक तडा जातो. डोळ्यांना दिसत नाही. त्यात विहिरीत टिप बोथट झाली तरी तशीच रेटत असतील, तर ती घासून तापते, थांबली की गार होते, पुन्हा तापते. भेगा वाढतात. पोलाद आणि कार्बाइडच्या मध्ये तांब्याची पट्टी घाला, तांबं मऊ असतं, ते ताण सोसतं, असं त्या म्हणाल्या. हळूहळू गार होऊ द्या. आणि धार गेली की रेटू नका, बाहेर काढून घासा.

आम्ही परत येऊन तसंच केलं. डाग दिलेले रॉड कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवायचे, सकाळपर्यंत हात लावायचा नाही. धोंड्यावर चालवलं तर टिप टिकली. यजमान त्या दिवशी पोटभर जेवले.

मशीनवाल्याच्या हातापाया पडून त्याला थांबवलं होतं. या खेपेला यजमान स्वतःच त्याच्याबरोबर तळाला बसले. थोडं आत गेलं की रॉड बाहेर काढायचा, धार बघायची, घासायची, पुन्हा आत. मी वर नणंदेजवळ. मशीनचा आवाज एकसारखा येत राहिला. रॉडला रॉड जोडत गेले. आमच्याकडं जोडायला रॉड उरले नाहीत, तेव्हाच आवाज थांबला.

बायका उठून काठाशी आल्या. यजमान वर आले, हातात टिप. तिची धार शाबूत होती. त्यांनी ती कुणाला दाखवली नाही. मशीनवालाच म्हणाला, "टिप न्हाई मोडली. खडकातच पानी न्हाई. वल सुदिक न्हाई."

नणंदेनं भावाकडं बघितलं. "दादा, आता काय करू रं मी?"

 ते काठावरच्या दगडावर बसले, आणि लग्नापासून मी कधी पाहिलं नव्हतं असं, ओंजळीत तोंड घालून रडले. बायका हळूहळू हंडे उचलून घरी गेल्या.

मशीनवाल्यानं या न मोडणाऱ्या टिपेबद्दल दुसऱ्या गावांत सांगितलं. खाणवालेही विचारत आले, आणि पूर्वी कधी नव्हतं एवढं काम दुकानात आलं. लोक म्हणायचे, फौजीची टिप मोडत नाही. यजमान मान हलवायचे आणि खाली बघून डाग देत राहायचे. मला ते शब्द ऐकवत नसत.

नणंदेच्या म्हशी आम्ही माझ्या माहेरी, कडेगावला नेऊन बांधल्या. तिथं चाऱ्याला उसाचं वाढं होतं, पाणी होतं. थोरली म्हैस टेम्पोत चढेना. नणंदेनं तिच्या गळ्यात हात टाकून तिला आत घेतलं आणि स्वतःही आतच बसली, म्हशीला टेकून. मी पुढं बसायला बोलावलं तर म्हणाली, "नको वैनी. तिला सवय न्हाई वस्ती सोडायची."

सासू-सासरे दारात उभे होते. ते आले नाहीत. टँकरची वाट बघत ते तिथंच राहिले.