डब्याच्या ग्रुपात पडलेला आवाज

परंदवडीत माझी खोली आहे असं मी घरी सांगतो, पण ती खरं तर कंपनीतल्या माझ्या जोडीदाराची. तो इथलाच, मावळातल्या तिकोणा पेठेचा. आठवीत शाळा सोडलेला मी हिंगोलीकडून इकडं आलो, तेव्हा त्यानंच मला कंपनीत पॅकिंगला लावलं आणि अंथरुणापुरती जागा दिली. ते मी विसरत नाही. स्वभाव भित्रा माझा, सुपरवायझरनं नुसती हाक मारली तरी हातातलं खोकं खाली ठेवून उभा राहतो. तो शेजारी असला की धीर वाटतो.

जेवायला आम्ही एका मावशींच्या खाणावळीत. मावशी मुसलमान, बोलणं अगदी मावळातलं. त्यांनी फोनवर डब्याचा ग्रुप केलाय. कुणाला किती चपात्या, आज कोण येणार नाही, ते सकाळी त्यात कळवायचं. आम्हा दोघांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून बोलूनच पाठवायचो.

जोडीदाराचा आणखी एक ग्रुप होता. एकेक स्थळ मोडत गेलं तसा तो त्यात गुंतत गेला. लग्न न जमलेली कुठली कुठली पोरं दिवसभर बायकांवर बोलायची. पोरींना फक्त पैसा दिसतो, कामाला जाणारी हाताबाहेर जाते, पहिल्या दिवसापासून धाकात ठेवायची. त्यानं मलाही त्यात घेतलं होतं. तिथं सगळे एकमेकांना ‘भावा’ म्हणायचे, आणि घरापासून लांब राहणाऱ्याला तेवढंही गोड लागतं. पण माझी आई दुसऱ्यांच्या रानात राबून घर चालवते. ती कुणाच्या हाताबाहेर गेली, हे काही मला समजेना.

मावशींनीच त्याच्यासाठी भाजे गावचं स्थळ आणलं. त्यांच्या मैत्रिणीची मुलगी, तिकडच्याच एका रिसॉर्टवर काउंटरला बसणारी. बघण्याचा कार्यक्रम झाला, दोन्हीकडं पसंती आली. “पोरगं निर्व्यसनी हाय, माजी जबाबदारी,” असं मावशी तिथं सांगून आल्या होत्या. जोडीदार तेव्हा चार दिवस शीळ घालत फिरत होता.

मग एका सकाळी बुटाची लेस बांधता बांधता तो फोनमध्ये बोलला, “रिसॉर्टवर काम करती, म्हंजे कळलंच. एकदा लगीन होऊ द्या. पयलं काम सोडवतो, मंग मोबाईल काढून घेतो.” आणि ते गेलं डब्याच्या ग्रुपात.

त्याच्या खाली लगेच कुणीतरी ‘मला दोनच चपात्या’ म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, “हे काय टाकलंस रे?” तेव्हा कुठं याच्या ध्यानात आलं. त्यानं घाईनं ते काढून टाकलं, पण मावशींनी ऐकलं होतं.

संध्याकाळी जेवायला गेलो. मावशींनी नेहमीसारखं वाढलं. यानंच विषय काढला.

“मावशी, ते गमतीत व्हतं. तितं समदेच आसं बोलत्यात.”

“कुटं तितं?”

“ग्रुपात.”

“मंग ग्रुपातलीच एकादी बायकू कर की.”

पंगतीत हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत. “शब्द मी टाकलाय,” त्या म्हणाल्या. “आता मलाच जाऊन सांगाया लागंल.”

“पन मी काढून टाकलंय ना.”

“माज्या कानातनं कसं काडशील?”

“या बारीला नका सांगू मावशी. पाया पडतो तुमच्या.”

“आन उद्या तिनं मला इचारलं, मावशी तुमाला ठावं व्हतं का, तर काय सांगू?”

तो चपातीचे तुकडे मोडत बसला. मी मान खाली घालून आमटी भुरकत राहिलो.

रविवारी मावशी भाजेला जाऊन आल्या. मुलगी चिडली नाही की रडली नाही, त्यांनी सांगितलं. लग्नाआधी कळलं ते बरं झालं, एवढंच म्हणाली. स्थळ मोडलं. हे सांगता सांगता मावशींनी याच्या ताटात भाकरी ठेवली. “जेव,” म्हणाल्या.

खोलीवर आल्यावर त्यानं दुसऱ्या ग्रुपात स्थळ मोडल्याचं कळवलं. धडाधड उत्तरं आली. वाचलास भावा. सुटलास भावा. तो वाचत होता, मग त्यानं फोन उपडा ठेवला.

“वाईट न्हवती रं ती,” तो म्हणाला. “पोहे देताना मला इचारलं तिनं, रातपाळी करून दिवसा झोप लागती का म्हनून. आसलं कोन इचारतंय?”

“मग हे टाक की तिथं.”

“तितं?” तो म्हणाला. “तितं हासतील मला.”

मी त्याच्यासमोरच त्या ग्रुपातून बाहेर पडलो. खोलीतून काढेल की काय, अशी भीती वाटत होती. त्यानं बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून पडला. तो अजून आहे त्यात. मावशी आता त्याच्यासाठी कुठं शब्द टाकणार नाहीत, हे त्याला कळलंय. दुसरं कोण टाकेल, ते आम्हा दोघांनाही माहीत नाही.