खोडावरचं दगडफूल

झाडांच्या खोडांवर दगडफूल शोधत आम्ही पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत हिंडतो. दगडफूल काही पदरात पडत नाही, किस्से मात्र साठत जातात. दुसरं काही हाती नाही, म्हणून तेच सांगतो.

आम्ही म्हणजे तिघं. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सबनीस मॅडम, चाकणच्या कंपनीतून रिटायर झालेले शिंदे आणि जन्मभर कारकुनी केलेला मी. मॅडमना दमा आहे. मुलगा सारखा म्हणतो, "आई, ते शहर सोड, माझ्याकडे ये." मॅडमचं म्हणणं, दगडफूल खराब हवेत जगत नाही, इथल्या एका जरी खोडावर ते जिवंत दिसलं, तर मीही इथेच राहीन. डॉक्टरांपेक्षा झाडांवर विश्वास!

*

थेरगावात मॅडम भिंग घेऊन एका वडाला चिकटल्या. माणसं जमली.

"काय सापडलं, काकू?"

"काही नाही."

"मग एवढा वेळ काय बघताय?"

"तेच!"

पुढच्या खेपेला गेलो, तर नेमकं त्या जागी कुंकू लावलेलं, खाली नारळ!

*

एकदा शिंदे धापा टाकत आले. "मॅडम, घावलं! पिशवीभर हाय!"

पिशवीत खरंच दगडफूल. मॅडमनी घाईनं भिंग काढलं. "कुठल्या झाडावर?"

"झाडावर कुठलं? पिंपरी कॅम्पात, मसाल्याच्या दुकानात!"

त्या महिन्यात आमच्या घरी आमटी झकास झाली. अभ्यासाची प्रगती तेवढीच.

*

हिंजवडीत एका आयटी कंपनीच्या दारात मात्र खोडभर दगडफूल! राखाडी-हिरवं, कडा कातरलेल्या. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या रिक्षातून उतरून मॅडम पळतच सुटल्या. भिंग लावलं, नखानं टोकरलं आणि भिंग परत पिशवीत टाकलं.

वॉचमन अभिमानानं म्हणाला, "फायबरचं झाड आहे, मॅडम. पानं गळत नाहीत, झाडलोट नको!"

शिंदे म्हणाले, "ह्याला मानवली म्हणायची हितली हवा."

*

शेवटी चाकणला, एका कारखान्याच्या मागच्या आंब्यावर, तळहाताएवढं सापडलं. खरं, जिवंत. मॅडमनी तिथूनच मुलाला फोन लावला. "मी येत नाही रे आता!"

मॅनेजर भला माणूस. मॅडमनी त्याला खोडाशी नेऊन बजावलं, "याला जपा हं. फार मोलाचं आहे."

"निश्चिंत राहा, मॅडम!"

काही दिवसांनी आम्हाला कार्यक्रमाचं आमंत्रण आलं. आंब्याला नवा पार, खोडाला गेरू-चुन्याचे पट्टे, टेबलावर शाल. मॅनेजर आनंदानं सांगत होता, "झाडाला बुरशी लागली होती, मॅडम. आमच्या माणसांनी वायर ब्रशनं पार खरवडून काढली. आता बघा कसं दिसतंय!"

टाळ्या झाल्या. मॅडमच्या हातात माइक दिला. त्या एवढंच म्हणाल्या, "तो ब्रश आणता का?"

ब्रश आला. मॅडम पारावर बसल्या आणि तारांत अडकलेला राखाडी चुरा बोटांनी काढून रुमालात ठेवू लागल्या.

मॅनेजर ओशाळला. "अहो मॅडम, तो कशाला साफ करताय? तुम्हाला नवा देतो की!"