मी जिंकलेला वाद

सासरे गेल्यावर, २००६ मध्ये, सासूबाईंना आम्ही नागपूरहून टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आणलं. आल्या सहा महिन्यांसाठी, पण पुढे ग्रीन कार्ड करून त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. मी त्यांना आईच म्हणायचे, आमचं मेतकूट छान जमायचं. मला त्या हव्या होत्या. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

अमेरिकेबद्दल कुणी वाकडं बोललं की माझा पारा चढायचा. माहेरी वाण्याकडे जायचं तरी वडिलांना विचारावं लागे. इथे स्वतःची गाडी, स्वतःची नोकरी, कुणाच्या बापाला उत्तर द्यायचं नाही! शनिवारी मराठी मंडळी आपापला पदार्थ घेऊन जमायची, त्या पॉटलकला कुणीतरी "खरी लाइफ इंडियातच यार" सुरू करायचा आणि मी पदर खोचून उभी.

जूनमधल्या एका दुपारी ऑफिसातून आले तर घर रिकामं. हाका मारत सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. अर्ध्या तासाने शेजारची अमेरिकन बाई आईंना गाडीतून घेऊन आली. त्या एकट्याच चालत दुकानात गेल्या होत्या. सहा पदरी रस्ता, फूटपाथचा पत्ता नाही, वर टेक्सासचं ऊन. चेहरा लालबुंद, पण स्वारी काय खूश! कोथिंबीर समजून पार्स्लीची जुडी घेऊन आल्या होत्या.

मी हसायला हवं होतं. त्याऐवजी शेजारणीसमोरच ओरडले, "मला विचारल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवते!" तोंडातून निघालं आणि कळलं, हे वडिलांचं वाक्य. शब्दन् शब्द त्यांचा. तरी माफी मागितली नाही. आजतागायत नाही. काळजीपोटीच बोलले ना, अशी स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर आई कुठेच गेल्या नाहीत. फ्रिज उघडतानाही आधी माझ्याकडे बघायच्या. मला वाटलं, रुळल्या.

पुढे एका शनिवारी पॉटलक आमच्याकडे होतं. वाद पेटला. मी तावातावाने म्हणाले, "बाईला मोकळा श्वास घ्यायचा असेल तर तो याच देशात!" कुणीतरी हसत म्हणालं, "काकू, तुम्ही दोन्हीकडे राहिलात, तुम्हीच सांगा." आईंनी हातातली प्लेट खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बोलू का गं?"

सगळे हसले. त्यांना थट्टा वाटली. मला मात्र धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. "बोला ना, आई," मी कसंबसं म्हटलं.

"सूनबाई म्हणते तेच बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

वाद मी जिंकले. सोमवारी त्यांनी मुलाला परतीचं तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. नवरा मला म्हणाला, "तू थांबव ना त्यांना. तुझं ऐकतील."

ऐकलंच असतं त्यांनी. म्हणूनच मी थांबा म्हणाले नाही.